पट्टी, पीएचपी आणि पाच प्रश्नचिन्हं

पहिला रविवार, रात्री ११

मामांची कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाची अडत आहे. गुऱ्हाळावरनं रवे (गुळाच्या ढेपा) आले, सौदा झाला की शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते. त्यात रवे किती, वजन किती, क्विंटलला दर काय लागला, हमाली-तोलाई वजा जाऊन हातात किती, सगळं असतं. ही पट्टी गेली दहा-अकरा वर्षं एका विंडोज प्रोग्राममधनं निघते. प्रोग्राम ज्यानं बनवला तो माणूस कधीच गाव सोडून गेला. मागं उरलाय एसक्यूएल सर्व्हर २०१४ एक्सप्रेसचा (मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसची फुकट आवृत्ती) एक डेटाबेस, आणि 'ह्याला हात लावू नका' अशी मॉनिटरवर चिकटवलेली चिठ्ठी.

मामा गेल्या आठवड्यात म्हणाले, "शेतकरी रात्री फोन करतोय, पाडव्याला माझा दर काय निघाला म्हणून. मी घरात. पेढी बंद. तुझं ते वेबसाइटचं चालू असतंय न्हवं, त्यात दिसंल का?"

दिसेल की, म्हणालो. पीएचपी, म्हणजे वेबसाइट बनवायची भाषा, मी हौसेनं करतो, पोटापाण्याला उद्यमनगरात मशीनवर असतो. पण आजवरचं सगळं मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसबरोबर, आणि तिथं ड्रायव्हर (कोड आणि डेटाबेस यांच्यातला दुभाष्या) नावाची भानगड कधी अंगावर आलीच नाही. कारण मायएसक्यूएलएनडी हा पीएचपीचा स्वतःचा घरचा ड्रायव्हर आहे, ५.४ पासून तोच मूळ पसंतीचा. उबंटू लिनक्सवर एक पॅकेज टाकलं की झालं, झॅम्पमध्ये (अपाची वेब सर्व्हर, पीएचपी आणि डेटाबेस एकत्र देणारा संच) तर आयताच. एसक्यूएल सर्व्हरचं तसं नाही. पूर्वी पीएचपीत एमएसएसक्यूएल नावाची जुनी एक्स्टेन्शन (पीएचपीला लावायचा जोडभाग) होती, ती ७.० मध्ये काढून टाकली. आता दुमजली घर आहे. वरच्या मजल्यावर पीएचपीची एक्स्टेन्शन, एसक्यूएलएसआरव्ही किंवा पीडीओ_एसक्यूएलएसआरव्ही (पीडीओ म्हणजे सगळ्या डेटाबेसांशी एकाच पद्धतीनं बोलायची पीएचपीची सोय). खालच्या मजल्यावर मायक्रोसॉफ्टचा ओडीबीसी ड्रायव्हर (ओडीबीसी ही डेटाबेसशी बोलायची सर्वमान्य पद्धत). दोन्ही मजले वेगवेगळे बसवायचे आणि दोन्हीकडनं वेगवेगळ्या कुरबुरी ऐकायच्या.

डेटा मायएसक्यूएलमध्ये का नाही हलवला, असं विचाराल. जुना प्रोग्राम अजून त्याच डेटाबेसात लिहितोय म्हणून.

पेढीच्या मशीनला मात्र हात लावला नाही. हंगामात त्याच्याशी खेळणं म्हणजे चालत्या चरकात हात घालणं. २०१९ च्या पुरात मामांच्या शाहूपुरीतल्या घरात पाणी शिरलं, तेव्हापासून ते दर शनिवारी बॅकअप पेन ड्राइव्हवर घेऊन जातात. तो पेन ड्राइव्ह आणला आणि राजारामपुरीत माझ्या डेस्कटॉपवर एसक्यूएल सर्व्हर २०१९ एक्सप्रेस टाकून त्यात रिस्टोअर केला. २०१९ च्या एक्सप्रेसला डेटाबेसमागं १० जीबीची मर्यादा असते. मामांची अकरा वर्षांची उलाढाल ७०० एमबीतच बसली. एक लक्षात ठेवा, २०१४ चा बॅकअप २०१९ मध्ये चढतो, उलट उतरत नाही. माझं काम वाचण्यापुरतं, त्यामुळं चालून गेलं.

(खाली आज्ञा आणि फायलींची नावं उच्चाराप्रमाणं देवनागरीतच लिहितोय. टाइप करताना रोमनमध्ये करा, एवढं तुम्हाला सांगायला नको.)

तोच रविवार, रात्री १ वाजून गेल्यावर

विंडोज १०, झॅम्प, पीएचपी ८.२. ड्रायव्हरची आवृत्ती ५.१२ घेतली, ती ८.१, ८.२ आणि ८.३ ला चालते. झिप उघडली तर आत डीएलएलची (विंडोजवरच्या तयार कोडाच्या फायली) ही जत्रा. नाव वाचायला शिकलं की पत्ता कळतो: 'पीएचपी_एसक्यूएलएसआरव्ही_८२_एनटीएस_एक्स६४'. ८२ म्हणजे पीएचपी ८.२, शेवटचं म्हणजे ६४ बिट, आणि मधलं एनटीएस म्हणजे थ्रेड सेफ (एकाच वेळी अनेक धाग्यांत चालायला सुरक्षित) नसलेली. मी घाईत हीच उचलली. ईएक्सटी फोल्डरमध्ये टाकली, पीएचपी.आयएनआयमध्ये एक्स्टेन्शनची ओळ लिहिली, अपाची पुन्हा चालू केलं.

लॉगमध्ये: डायनॅमिक लायब्ररी उघडता आली नाही, 'द स्पेसिफाइड मॉड्यूल कुड नॉट बी फाउंड'.

फाइल तर डोळ्यांसमोर! मार्ग तपासला, स्पेलिंग तपासलं, फाइल पुन्हा उतरवली. पाऊण तास गेला. मग कळलं की विंडोज खरंच बोलत होतं, मीच चुकीचं ऐकत होतो. 'मॉड्यूल सापडलं नाही' हे माझ्या डीएलएलबद्दल नव्हतंच. ती डीएलएल ज्याच्यावर टेकते त्याच्याबद्दल होतं. एनटीएस एक्स्टेन्शन 'पीएचपी८.डीएलएल' शोधते. झॅम्पमधला पीएचपी थ्रेड सेफ, त्याच्याकडं आहे 'पीएचपी८टीएस.डीएलएल'. आधार नाही म्हणून वरची फाइल उघडत नाही, आणि नाव मात्र वरच्या फाइलीचं छापलं जातं. एनटीएस काढून टीएस टाकली, एका मिनिटात चालू.

थ्रेड सेफ आहे की नाही हे पीएचपीइन्फोच्या पानावर वरच्या पहिल्याच तक्त्यात सरळ लिहिलेलं असतं. अपाचीत मॉड्यूल म्हणून चालणारा विंडोजवरचा पीएचपी टीएस लागतो, आयआयएसमध्ये फास्टसीजीआयनं चालवणारे एनटीएस घेतात. मला हे वाचून माहीत होतं. वाचलेलं आणि रात्री एकला आठवलेलं यात फरक आहे.

खालच्या मजल्याला तर हातही लावावा लागला नाही, पहिल्याच फटक्यात जोडणी झाली. तेव्हाच शंका यायला हवी होती.

दुसरा रविवार

जुना लॅपटॉप, उबंटू २२.०४. हाच पुढं कायम चालू राहणार आहे, म्हणून हे नीट करायचं ठरवलं.

आधी खालचा मजला. मायक्रोसॉफ्टची रिपॉझिटरी जोडली आणि एमएसओडीबीसीएसक्यूएल१८ टाकलं (परवाना मान्य असल्याचं 'अ‍ॅक्सेप्ट_ईयूएलए=वाय' असं आधी लिहायला लागतं). मग 'ओडीबीसीइन्स्ट -क्यू -डी' ही आज्ञा दिली की बसलेले ड्रायव्हर दिसतात. दिसला. वरच्या मजल्यासाठी पेकल, म्हणजे पीएचपीच्या एक्स्टेन्शन आणून बसवणारी आज्ञा. 'पेकल इन्स्टॉल एसक्यूएलएसआरव्ही' म्हणजे इथं तयार डीएलएल नाही, तुमच्याच मशीनवर कंपाइल होतं. पहिल्यांदा अडलं 'एसक्यूएल.एच' सापडत नाही म्हणून. ती हेडर फाइल युनिक्सओडीबीसी-डेव्ह पॅकेजमध्ये असते. टाकलं, पुढं सरकलं.

मग असा संदेश:

मॉड्यूल एपीआय २०२१०९०२ ने कंपाइल झालंय, पीएचपी एपीआय २०२२०८२९ चा आहे, दोन्ही जुळले पाहिजेत.

हे आकडे ओळखायची सवय लावून घ्या, तारखाच आहेत त्या. २०२१०९०२ म्हणजे पीएचपी ८.१, २०२२०८२९ म्हणजे ८.२, २०२३०८३१ म्हणजे ८.३. माझ्या लॅपटॉपवर उबंटूचा स्वतःचा ८.१ होता आणि मागं कधीतरी हौसेनं टाकलेला ८.२ पण. टर्मिनलमध्ये 'पीएचपी' म्हटलं की ८.२ उठायचा, पण कंपाइल करताना पीएचपीआइझ (एक्स्टेन्शन कंपाइल करायची तयारी करणारी आज्ञा) ८.१ चा लागत होता. एकाच घरात दोन जावयांची नावं सारखी, हाक मारली की भलताच येतो. 'पेकल -डी पीएचपी_सफिक्स=८.२' असं सांगून पुन्हा बनवलं, मग जुळलं.

इथंच मी उगाच शहाणपणा केला. एक्स्टेन्शनची ओळ थेट पीएचपी.आयएनआयच्या तळाला लिहिली. झॅम्पमध्ये चाललं होतं की! उबंटूनं सुनावलं: 'अनडिफाइंड सिम्बॉल, पीएचपी_पीडीओ_रजिस्टर_ड्रायव्हर'. उबंटूवर पीडीओ ही स्वतंत्र एक्स्टेन्शन आहे आणि ती कॉन्फ.डी फोल्डरातल्या १०-पीडीओ.आयएनआयमधून चढते. पीएचपी.आयएनआय त्याच्या आधी वाचली जाते. म्हणजे पीडीओ_एसक्यूएलएसआरव्ही दारात उभी आणि पीडीओ अजून घरात आलेलाच नाही. म्हणून उबंटूवर मॉड्स-अव्हेलेबल फोल्डरात वेगळी आयएनआय करायची, वरच्या ओळीत प्रायॉरिटी ३० लिहायची आणि 'पीएचपीएनमॉड' चालवायचं. तीस दहाच्या नंतर येतो, संपलं.

हेही सांगून ठेवतो: टर्मिनलची पीएचपी.आयएनआय वेगळी आणि अपाचीची वेगळी. 'पीएचपी -एम' मध्ये एक्स्टेन्शन दिसते आणि ब्राउझरमध्ये 'कुड नॉट फाइंड ड्रायव्हर', तर नव्वद टक्के वेळा हेच असतं.

दुसरा रविवार, संध्याकाळी

जोडणी होत नाही. 'लॉगिन टाइमआउट एक्स्पायर्ड'.

तोच डेस्कटॉप, तोच सर्व्हर, विंडोजवरनं लगेच जातं. इथं पीएचपी बाजूला ठेवली. खालचा मजला एकटा तपासायला एसक्यूएलसीएमडी आहे, त्यानंही हेच म्हटल्यावर वरच्या मजल्याला दोष द्यायचं कारण उरलं नाही. डेस्कटॉपवर पीएचपी आणि सर्व्हर एकाच मशीनवर आहेत, त्यामुळं बोलणं शेअर्ड मेमरीतनं होतं, नेटवर्क लागतच नाही. एक्सप्रेस आवृत्तीत टीसीपी/आयपी मुळातच बंद असतं. कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये जाऊन ते चालू केलं, आयपीऑल विभागात डायनॅमिक पोर्टची जागा रिकामी करून १४३३ लिहिलं, सेवा पुन्हा चालू केली, फायरवॉलमध्ये १४३३ ला वाट दिली. पत्ता लिहिताना आयपी आणि पोर्टमध्ये स्वल्पविराम येतो, कोलन नाही. मायएसक्यूएलची सवय असलेला प्रत्येक जण इथं एकदा आपटतो. मी दोनदा आपटलो.

पुढं १८४५६, लॉगिन फेल्ड. विंडोजवर माझ्याच विंडोज खात्यानं आत जात होतो, लॅपटॉपला ते खातं कुठलं माहीत? सर्व्हर मिश्र ऑथेंटिकेशनवर टाकला, फक्त वाचायचा हक्क असलेला वेगळा वापरकर्ता केला.

त्यानंतर 'सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड, सेल्फ साइन्ड सर्टिफिकेट'. आणि इथं मागच्या रविवारची शंका परत आली. तोच कोड विंडोजवर एक शब्द न बोलता चालला होता, मग इथंच का? डेस्कटॉपवर ओडीबीसीची यादी बघितली. तिथं १७ बसलेला. मी टाकलेलाच नाही, एसक्यूएल सर्व्हर २०१९ च्या इन्स्टॉलरबरोबर आलेला. उबंटूवर १८. सतरामध्ये एन्क्रिप्शन मागितलं तरच होतं, २०२२ मध्ये आलेल्या १८ मध्ये ते न मागता चालू असतं. आणि चालू असलं की सर्टिफिकेट तपासलं जातं. सर्व्हरनं स्वतःचं स्वतः सही केलेलं सर्टिफिकेट कोण मानणार? खात्री करायला विंडोजवर १८ टाकला, जोडणीच्या पर्यायांत ड्रायव्हरचं नाव स्पष्ट लिहिलं, आणि तिथंही तोच नकार आला. तो एरर बघून इतका आनंद क्वचितच झालाय.

घरातल्या घरात आहे म्हणून 'ट्रस्टसर्व्हरसर्टिफिकेट' होय केलं. एन्क्रिप्शन राहतं, फक्त समोरच्याचं ओळखपत्र तपासलं जात नाही. पान घराबाहेर जाणार असेल तर हे करू नका, नीट सर्टिफिकेट घ्या. एसक्यूएलसीएमडीत याच कामाला मोठ्या लिपीतला सी आहे.

रात्री मामांचा फोन. "काय लेका, दोन रविवार झालं, अजून वायरच जोडतोयस व्हय?"

"मामा, वायर नाही, ड्रायव्हर."

"मग त्येला पगार सुरू कर, म्हंजे पळंल."

मधला बुधवार

मामेबहीण पुण्याहून आलीय, तिचं मॅकबुक एम१. "एक तास देते," ताई म्हणाली, "आणि चहा लांब ठेव."

मॅकओएसमध्ये २०२१ च्या मॉन्टेरेपासून पीएचपी आयतं येत नाही, तेव्हा होमब्रूतून (मॅकवर प्रोग्राम बसवायचं साधन) ८.३ घेतला. मुद्दाम आकडा लिहून, कारण नुसतं पीएचपी म्हटलं की सगळ्यात नवा येतो आणि ड्रायव्हर त्याच्यापर्यंत पोचलेला असेलच असं नाही. मायक्रोसॉफ्टचा टॅप (होमब्रूला जोडायची त्यांची यादी) जोडून ओडीबीसी १८. मग पेकल. मग पुन्हा तेच, 'एसक्यूएल.एच' नाही.

यावेळी कारण उलटं. उबंटूवर फाइलच नव्हती, इथं फाइल आहे पण दुसऱ्या गल्लीत. इंटेल मॅकवर होमब्रूचं घर 'यूएसआर/लोकल' मध्ये असतं, अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपवर 'ऑप्ट/होमब्रू' मध्ये, आणि कंपायलर तिथं आपणहून डोकावत नाही. पेकलच्या आधी सीएक्सएक्सफ्लॅग्जमध्ये युनिक्सओडीबीसीच्या इन्क्लूड फोल्डरचा आणि एलडीफ्लॅग्जमध्ये होमब्रूच्या लिब फोल्डरचा पत्ता दिला. पंचेचाळीस मिनिटांत काम झालं. उरलेल्या पंधरा मिनिटांत चहा घेतला, लांब बसून.

तिसरा रविवार

आता खरी गंमत.

उबंटूवर मी पीडीओ वापरून पट्टी दाखवत होतो, सगळं छान दिसत होतं. विंडोजवरचा पहिला कोड मात्र एसक्यूएलएसआरव्हीच्या फंक्शनांनी लिहिलेला. मामा दुपारी जेवायला आले होते, म्हणून डेस्कटॉपवरच पान उघडून दाखवलं. दर बरोबर, वजन बरोबर. शेतकऱ्याच्या गावाच्या रकान्यात:

?????

"हे कुठलं गाव?" मामा.

उबंटूवर तीच पट्टी उघडली. वडणगे.

मामांनी चष्मा वर केला, बोटं मोजली. "वडणगे चार अक्षरं. हितं पाच चिन्हं. एक जास्तीचं कुणाचं?"

अकरा वर्षं पट्ट्या तपासणाऱ्या माणसाची नजर! पाचवं चिन्ह मात्रेचं. आपल्याला 'गे' एक अक्षर दिसतं, युनिकोडमध्ये ग वेगळा आणि मात्रा वेगळी. व, ड, ण, ग, मात्रा: पाच सांकेतिक जागा, पाच प्रश्नचिन्हं. म्हणजे डेटाबेसात नाव शाबूत होतं, एनव्हारचारमध्ये (युनिकोड मजकुराच्या रकान्यात) होतं. मोडलं ते वाटेत. एसक्यूएलएसआरव्ही एक्स्टेन्शनला काही सांगितलं नाही तर ती मजकूर विंडोज सिस्टिमच्या जुन्या आठ-बिटी कोड पेजमध्ये (अक्षरांच्या तक्त्यात) बदलून देते, आणि देवनागरीला विंडोजमध्ये असं सिस्टिमचं कोड पेज कधी नव्हतंच. मराठी, हिंदी तिथं थेट युनिकोडमध्येच आली. ज्याला जागा नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह. पीडीओ_एसक्यूएलएसआरव्ही मुळातच यूटीएफ-८ (म्हणजे युनिकोडच) देते, म्हणून उबंटूवर काही जाणवलं नाही. दोष विंडोजचा समजत होतो, तो दोन एक्स्टेन्शनच्या वेगळ्या स्वभावाचा निघाला. जोडणीच्या पर्यायांत 'कॅरेक्टरसेट' यूटीएफ-८ केलं आणि वडणगे परत आलं.

तुमच्यापैकी जे मराठी डेटा घेऊन बसलेत त्यांनी हा एक पर्याय पहिल्या दिवशीच लिहावा. वाचताना नुसतं वाईट दिसतं, पण तशाच जोडणीनं पुन्हा लिहिलंत तर प्रश्नचिन्हंच डेटाबेसात जाऊन बसतात, मग मूळ नाव कुणाच्याच हातात राहत नाही.

सगळं मात्र सुटलं नाही. अगदी जुन्या, सुरुवातीच्या दोन हंगामांतल्या पट्ट्यांत गावाऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा रगाडा आहे. तो ड्रायव्हरचा विषयच नाही. तेव्हा कोणीतरी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलंय, साध्या व्हारचार रकान्यात. स्क्रीनवर मराठी दिसायचं, आत मात्र भलतंच साठत होतं. त्याला तक्ता करून एकेक अक्षर बदलावं लागेल. ते पावसाळ्यात, गुऱ्हाळं बंद असताना.

तारखांनी पण एक चिमटा काढला. एसक्यूएलएसआरव्ही तारीख मजकूर म्हणून देत नाही, डेटटाइम ऑब्जेक्ट देते, आणि तो सरळ छापायला गेलं की पान पडतं. 'रिटर्नडेट्सअ‍ॅजस्ट्रिंग्ज' चालू करा किंवा स्वतः फॉरमॅट करा. मी शेवटी कंटाळून विंडोजवरही पीडीओच घेतला. एकच कोड तिन्हीकडं, डोक्याला शांती. आधीच घेतला असता तर मामांना प्रश्नचिन्हं मोजायला मिळाली नसती.

तिसरा रविवार, जेवणानंतर

मामा खुर्चीत, हातात माझा फोन, पान लॅपटॉपवरनं येतंय. एकेक पट्टी उघडून बघतायत. मला वाटलं झालं.

"ही तोलाई टिंब पंचाहत्तर म्हंजे? शून्य कुठं गेला?"

खरंच, '.७५' असं छापलेलं. दशांश आकडे ड्रायव्हर मजकूर म्हणून देतो, जेणेकरून पैशाची अचूकता जाऊ नये. एकापेक्षा लहान आकड्याच्या पुढचा शून्य मात्र तो लावत नाही. ५.६ पासून त्याला पर्याय आहे, 'फॉरमॅटडेसिमल्स'. आणि मनी प्रकारच्या रकान्यांत आत चार दशांश असतात, ते दोनवर आणायला 'डेसिमलप्लेसेस'. पीडीओत हेच गुणधर्म म्हणून लावतात. दोन ओळी लिहिल्या, पान पुन्हा उघडायला सांगितलं.

०.७५.

मामांनी मान हलवली, पुढची पट्टी, त्याच्या पुढची. मग माझा फोन डाव्या हातात तसाच धरून उजव्या हातानं स्वतःचा फोन काढला.

"अण्णा, पाडव्याचा दर इचारत हुता न्हवं? घ्या लिहून."